चाल तीच, राजपुत्र पळाला

मिस्टर मॅक्रेंनी डावा हात टेबलावर आपटला आणि तोंड मिटून घेतलं. झालं! इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा तोंडातून अख्खी ओळ आली होती, आणि गृहस्थ त्याच ओळीवर चिडून बसले.

मी स्पीच थेरपिस्ट. २००४ साली नॉर्थ कॅरोलायनात, मॉरिसव्हिलजवळच्या एका रिहॅब सेंटरमध्ये होते. स्ट्रोकने मॅक्रेंची वाचा गेली होती. समजायचं सगळं, पण शब्द बाहेर यायचा नाही. अशा पेशंटला कधीकधी पाठ असलेलं गाणं मात्र म्हणता येतं, कारण गाताना मेंदूची दुसरी बाजूही मदतीला येते. त्या दिवशी त्यांची बायको आयलीन जॅकेट काढताना सहज गुणगुणली आणि यांनी पुढची ओळ खणखणीत म्हटली.

मग चिडायचं काय कारण? आयलीनने सांगितलं. गाणं स्कॉटलंडमधल्या जुन्या बंडाचं. राजपुत्र राज्य मिळवायला आला, लढाई हरला, त्याच्यामागची माणसं मेली आणि हा परदेशी निसटला. गाण्यांत मात्र तो शूर, देखणा, आणि लोक अजून त्याची वाट बघतायत. मॅक्रेंनी जन्मभर हायस्कूलमध्ये इतिहास शिकवला. या गाण्यांचा त्यांना भयंकर राग.

"मी फक्त अंघोळ करताना म्हणायचे," आयलीन म्हणाली.

आता इतिहास जिभेवर येईना आणि गाणं येतंय. बिचाऱ्यांच्या फार जिव्हारी लागलं. त्यांनी प्रयत्नच सोडून दिला.

माझी बॉस लिंडा म्हणाली, शुक्रवारपर्यंत प्रोग्रेस दाखव, नाहीतर केस क्लोज करावी लागेल. इन्शुरन्सचा नियम. म्हणजे मॅक्रे मुके ते मुकेच घरी जाणार.

मी ठरवलं, चाल ठेवायची, शब्द बदलायचे. आमच्या मराठी मंडळात डोहाळजेवणाला सिनेमाच्या चालीवर गाणी पाडायचं काम माझ्याकडेच असतं, मला काय अवघड! 'मला पाणी हवंय' त्या चालीत बसवलं, अर्थात इंग्रजीत. डाव्या हाताने ठेका धरायचा आणि गात म्हणायचं. मॅक्रे ढिम्म.

गुरुवारी माझं डोकं फिरलं. मास्तर आहेत ना, मग बघूच. मी त्याच चालीवर गायले, "राजपुत्र लढता लढता मेला."

होमवर्क न केलेल्या पोरीकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. डावा हात हलला. ठेका धरला.

"नाही," ते गायले. कपाळावर घाम आला. "तो... पळाला."

आयलीन हसता हसता रडायला लागली. मीही रडले, त्यात लाज कसली.

लिंडाने रिपोर्ट वाचून विचारलं, याचा रोजच्या जगण्यात उपयोग काय?

"नवऱ्याला 'नाही' म्हणता येणं उपयोगाचं नाही?" मी म्हटलं. थेरपी चालू राहिली.

पाणी, चहा, पाय दुखतोय, सगळं हळूहळू त्याच चालीवर आलं. तेव्हापासून नव्या पेशंटला काय आवडतं हे मी नंतर विचारते. आधी विचारते, चीड कशाची येते.

पुढे एकदा आयलीनचा फोन आला. मागून मॅक्रेंचा आवाज येत होता. ते गाणं कसं खोटं आहे, हे बायकोला पटवून देत होते. त्याच चालीवर.