पूर्ण दराची कवळी

२ जून रोजी कवळीवाल्याने आपल्या थोरल्या बहिणीच्या हातावर दोन हजार आठशे पन्नास रुपयांचं बिल ठेवलं. दुकानातला नेहमीचा दर. एक हजार पन्नास आधी, उरलेले दरमहा दीडशे.

घरी बायकोने हे ऐकलं आणि वाढता वाढता हात थांबवला.

"अहो, आई गेल्यावर अक्कांनी तुम्हाला घास भरवले. आज त्यांनाच घास चाववत नाही, आणि तुम्ही हप्ते बांधून देताय? स्वतःपलीकडे काही दिसतं का हो तुम्हाला?"

"नाही दिसत," तो शांतपणे म्हणाला. "दादाच्या वेळी दुसऱ्याचं भलं करायला गेलो होतो. काय झालं, आठवतं ना?"

तिला आठवत होतं. दादाला, त्याच्या मोठ्या भावाला, त्याने कवळी फुकट करून दिली होती. दादा भेटेल त्याच्यापाशी धाकट्याचे गोडवे गायचा आणि घरी पातळ खाण्यावर दिवस काढायचा. तो वारल्यावर कपाटात कवळी सापडली, डबीत, कोरी करकरीत. डावीकडे हिरडीला टोचायची, असं वहिनीने तेव्हा सांगितलं. घासायला दहा मिनिटं लागली असती. पण फुकट मिळालेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची, म्हणून दादा दोन वर्षं गप्प बसला होता.

"माझं काम डबीत पडलेलं मला बघवत नाही," कवळीवाला म्हणाला. "अक्का चावून खाईल तर मला झोप लागेल. स्वार्थच समज."

बायकोने उरलेलं वाढलं. दोन दिवस त्याचा डबा मात्र जरा हलकाच आला.

अक्का लोकांचे कपडे शिवून पोट भरायची. तिने पैसे मोजून दिले, आणि नवव्या दिवशी दुकानात येऊन चार गिऱ्हाइकांसमोर कवळी टेबलावर आपटली.

"एवढे पैसे घेऊन हे केलंस? टोचतेय मेली. मी असं शिवलं असतं तर लोकांनी अंगावर फेकलं असतं."

कवळीवाला मनापासून हसला आणि कानस शोधू लागला. अक्का आणखी तीनदा आली, तिन्ही वेळा भांडली. मग एका संध्याकाळी बायको म्हणाली, "अक्कांनी आज मूठभर शेंगदाणे खाल्ले. माझ्यासमोर." त्या रात्री तो अंथरुणाला पाठ टेकताच घोरू लागला.

अकरा हप्ते वेळेवर आले. बारावा मागितल्यावर अक्का म्हणाली, "तो राहू दे. सगळं चुकतं केलं तर उद्या तू मला ओळख तरी देशील का?"

अक्काकडे दीडशे रुपये अजून बाकी आहेत.