बिनतिखटाचा मूळपुरुष

आमच्या घराण्याचा मूळपुरुष बाई आहे, हे मला वडील गेल्यावर तीन महिन्यांनी कळलं.

सेनगावजवळ आमच्या विहिरीच्या बांधावर शेंदराने माखलेला एक दगड आहे. तोच मूळपुरुष. दर अमावस्येला त्याला नैवेद्य, आणि तोही बिनमिरचीचा! (आमच्या घरात एवढा सभ्य स्वयंपाक दुसऱ्या कुणासाठीच होत नाही.) वडील म्हणत, "त्याला तिखट सोसत न्हाई."

शेवटच्या आजारात त्यांनी माझा हात धरला. "पणजोबा रघोजीच्या वरचं मला ठाव न्हाई. तू शिकलेला. मूळपुरुषाचं नाव शोध, वर्षश्राद्धाला घे. बिननावानं जेवू घालून राहिलो आपण."

मला रडता येत नव्हतं, म्हणून मी कागद शोधत बसलो.

वडिलांच्या ट्रंकेच्या तळाशी लाखेचं सील असलेला लिफाफा निघाला. विलायतेहून, रघोजीच्या नावे! रघोजी हिंगोलीच्या इंग्रजी छावणीत घोडे सांभाळायचा. घरात इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, म्हणून लिफाफा कुणी फोडलाच नव्हता. सव्वाशे वर्षांनी मी फोडला. लिहिणारा छावणीतला गोरा नालबंद. "रघोजी, माझी बायको मेरी पटकीने गेली, तिला तुझ्या बांधावर ठेवून आलो. कधीमधी तिला घासभर ठेव. मिरची नको, तिला सोसत नाही."

भर दुपारी मी आणि आत्या, वडिलांची थोरली बहीण, खुरपं घेऊन बांधावर गेलो. शेंदराचं कवच एका तुकड्यात निघालं, मुखवटा उतरावा तसं. खाली इंग्रजी अक्षरं: मेरी. चैत्राच्या उन्हातही दगड गार होता.

"अगं माय!" आत्यानं पदर ओढला. "अन् तुझा बाप जन्मभर हिच्यासमोर लंगोटीवर आंघोळ करून राहिला!"

"आत्या, पत्र तर कुणी वाचलंच नव्हतं. मग बिनमिरचीचं कुणी सांगितलं?"

आत्यानं खुरपं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "तिनंच. तुझा बाप जायच्या दिवशी मला म्हनला, आक्का, विहिरीवर झग्यातली बाई उभी हाये, तिला आत घ्या. मला वाटलं, तापात बोलून राहिला."

आम्ही घराकडे निघालो. (मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, म्हणजे मागे वळून पाहायलाच शिकवलं. त्या दिवशी मी पाहिलं नाही!)

पत्रावरच्या गावी मी लिहिलं. तिथल्या चर्चमधून नोंदींच्या नकला आल्या. मेरीचा बाप जोडे शिवणारा, आजा कोळशाच्या खाणीत, आजी गिरणीत, दोन भाऊ पाळण्यातच गेलेले.

वर्षश्राद्धाला भटजींनी विचारलं, "रघोजींच्या वर कोण?"

मी वही उघडून खाणीपर्यंत वाचत गेलो.

"मास्तर, यात तुमचं कोण?"

"घ्या तिचंच नाव," आत्या म्हणाली. "इतकी वर्सं जेवून राहिली आपल्यात."

"गोत्र?"

तीन पिढ्यांच्या नोंदी मांडीवर घेऊन मी अडलो. आत्यानं मला कोपरानं ढोसलं आणि आमचंच गोत्र सांगून टाकलं. एका दमात मेरी आमची झाली. वर्षभर खपून मला मात्र माझा स्वतःचा एकही पूर्वज सापडला नव्हता!