मोराच्या रंगाचं पिस्तूल

मामा कोणतंही पिस्तूल आधी डोळे मिटून हातात घ्यायचे. मुठीवरून अंगठा फिरवायचे, वजन जोखायचे आणि मगच डोळे उघडायचे. "डोळा खुशामत्या शे," म्हणायचे; त्यांच्या बोलीत 'शे' म्हणजे आहे. सुरतमध्ये पर्वत पाटियाजवळच्या आमच्या नेमबाजी क्लबात ते दुरुस्ती बघायचे. त्याआधी सैन्यातही त्यांनी हत्यारंच सांभाळली होती. आईच्या गावचे, तिचीच बोली बोलणारे, म्हणून मामा.

त्यांना प्रश्नांचा कंटाळा आणि मला विचारायचा संकोच, त्यामुळे आमचं छान जमलं. एका बाकावर बसून आम्ही तासन् तास न बोलता पिस्तुलं पुसायचो.

राज्य संघाच्या निवडीआधी पप्पांनी मला एअर पिस्तूल घेऊन दिलं. कडोदऱ्याला लूमच्या कारखान्यात ते सुपरवायझर. निवड झाली तर खेळ चालू, नाहीतर कायमचा बंद, असं घरात ठरलं होतं. पिस्तूल मी निवडलं. स्पेशल एडिशन, मोरपंखी रंग, मुठीवर नक्षी आणि नळीच्या टोकाला नेम धरायची माशी, तीसुद्धा सोनेरी.

मामांनी नेहमीसारखं ते जोखलं, मग विचारलं, "हाई चमकघाई छर्रा नीट जास का?"

चमकेने नेम सुधारत नाही, म्हणून मी नकारार्थी मान हलवली. नळी आणि ट्रिगर साध्या पिस्तुलाचेच आहेत, हे त्यांनी मला उघडून दाखवलं. नक्षीत सुरतचा घाम साचेल, तो रोज ब्रशने काढावा लागेल. गंज थोपवणारा मुलामा वेगळा असतो आणि तो दिसायला अगदी साधा असतो. हा नुसता लग्नातला पोशाख.

मग घेतलंस कशाला, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी पहिल्यांदाच कुणाला तरी खरं सांगितलं. लोक पिस्तुलाकडे बघतील, माझ्याकडे नाही.

मामांनी पिस्तूल परत माझ्या हातात दिलं. "मंग फायदा शे," म्हणाले. हसले नाहीत.

निवडीच्या दिवशी झालं उलटंच. सकाळच्या सरावात अनोळखी मुली माझ्याभोवती गोळा झाल्या. कुठून घेतलं, हातात देशील का, फोटो काढू का? गुजरातीत उत्तरं देता देता माझा घसा कोरडा पडला. त्यात दिव्याचा उजेड त्या सोनेरी माशीवरून थेट डोळ्यात यायचा. छर्रे कुठेही जात होते.

मामांनी मला मागच्या अंगणात नेलं. कापराची वडी पेटवली आणि माशी त्या धुरावर धरून काळीकुट्ट केली. उरलेली काजळी बोटाने मोरपंखी रंगावरही फासली. इतकं महागाचं पिस्तूल बघता बघता तव्यासारखं दिसायला लागलं.

"जाय आते, पोरी."

दुपारी माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. निवडलेल्यांच्या यादीत शेवटचं नाव माझं होतं.

त्याच वर्षी मामांचे हात कापायला लागले आणि मुलाने त्यांना गावी नेलं. उधना स्टेशनवर मी सोडायला गेले होते. "जाऊ नका," एवढंच म्हणायचं होतं. शाळेतल्या सवयीने इंग्रजीत ते मनात तयार होतं, पण मामांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्यांची बोली मला नीट जमत नसल्याने तीत म्हणायची लाज वाटली. मी पाण्याची बाटली खिडकीतून आत दिली. गाडी सुटली.

हिवाळ्यात ते गेल्याचं कळलं. त्यानंतर मी आईकडून ते वाक्य शिकून घेतलं. आता बिनचूक म्हणता येतं. क्लबात ते समजेल असं कुणी उरलेलं नाही.