एकटीचा गट

आमच्या मजल्यावरच्या झेरॉक्सताई या वयात लग्न करताहेत, ही बातमी मीच पसरवली. कबूल करते. पण पुरावा भक्कम होता. एकवीस वर्षं आठला बंद होणारं दुकान एकाएकी साडेपाचला बंद व्हायला लागलं. केसांना रंग आला, पायात नवी चप्पल आली, आणि जिन्यात भेटल्या की एकच वाक्य, "बोलू नंतर हं, उशीर होतोय." पन्नाशी ओलांडलेल्या एकट्या बाईला रोज संध्याकाळी कशाला उशीर होतो, तुम्हीच सांगा. मी तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या कानावर घातलं, त्यांनी वरच्या मजल्यावर पोचवलं, आणि चार दिवसांनी तीच बातमी माझ्याकडे परत आली तेव्हा नवरदेव बँकेत नोकरीला लागलेला होता.

आमचे हे म्हणाले, "सरळ विचार की त्यांना." सरळ विचारण्यात काय मजा? पण नवरदेवाच्या नोकरीचं मलाही नवल वाटत होतं. जिन्यात गाठलं.

"काय ताई, आम्हाला कधी दाखवणार?"

"काय दाखवणार?"

"ज्यांच्यासाठी दुकान लवकर बंद होतं, ते."

ताईंनी पिशवीतून एक नवीकोरी वही काढून माझ्यापुढे धरली. वर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'व्यवसाय व्यवस्थापन, प्राथमिक ओळख. प्रथम वर्ष, सायंवर्ग.'

"हेच ते," ताई म्हणाल्या. "उंचीला जरा कमी आहेत, पण उलटून बोलत नाहीत."

मी तोंडावर पडले. बँकेतला नवरदेव त्याच दिवशी वारला असं समजा.

ताईंचं दुकान कॉलेजच्या फाटकासमोर. रुंदी तीन पावलं. एक यंत्र, एक स्टूल, कागदांची फळी, आणि गिऱ्हाईक बाहेर फुटपाथवर. या विषयाच्या नोट्सच्या प्रती काढत त्यांनी एकवीस वर्षं काढली. एखाद्याच्या प्रतीत ओळ पुसट आली तर ताई यंत्राकडे बघत बघत ती ओळ तोंडपाठ सांगायच्या. स्वतः मात्र शाळेपुढे गेल्या नाहीत. आधी धाकट्या भावाचं शिक्षण, मग आईचं आजारपण. भाऊ शिकून दुसऱ्या शहरात स्थिरावला. आई अंथरुणावर चौदा वर्षं राहिली आणि दोन वर्षांपूर्वी गेली.

आमच्या दोन घरांत एक भिंत आहे. पूर्वी त्या भिंतीतून म्हातारीचा खोकला ऐकू यायचा, ताटलीवर चमचा आपटून लेकीला हाक मारणं ऐकू यायचं. मग काहीच येईना. त्यांच्या जेवणाच्या टेबलाला खुर्च्या दोन, त्यातल्या एकीवर इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा कायमचा बसलेला. एकदा ताई सहज म्हणाल्या होत्या, "रविवारी दिवसभर तोंड उघडत नाही माझं. सोमवारी पहिल्या गिऱ्हाईकाला 'किती प्रती' विचारायला जाते तर घसा खरखरतो." मी हसले होते. त्यांनीही हसून घेतलं.

आणि आता त्याच भिंतीतून रोज सकाळी व्याख्या ऐकू यायला लागल्या. नियोजन म्हणजे काय, संघटन म्हणजे काय. आमच्या ह्यांनाही पाठ झालं. परवा भाजी आणायला पाठवलं तर म्हणतात, आधी उद्दिष्ट स्पष्ट कर.

पहिल्याच आठवड्यात ताईंनी वर्ग गाजवला. सरांनी विचारलं, व्यवस्थापकाची कामं कोण सांगेल? ताई उभ्या राहिल्या आणि पान तीसपासून सुटल्या. सर मान डोलावत ऐकत होते. मध्येच त्यांनी थांबवलं.

"अधिकार सोपवणं राहिलं तुमचं."

"ते नाही त्यात," ताई ठामपणे म्हणाल्या.

"कशात नाही?"

"नोट्समध्ये."

सगळ्या वर्गानं नोट्स उघडल्या. छत्तिसाव्या पानानंतर थेट अडतिसावं पान. कुणाकडेच सदतिसावं नव्हतं. कुठल्याशा जुन्या वर्षी ते पान ताईंच्या यंत्रात अडकून फाटलं असणार. प्रतीवरून प्रत, तिच्यावरून पुढची प्रत, असं करत कॉलेजच्या कितीतरी पिढ्या दुसऱ्यावर काम कसं सोपवायचं हे न शिकताच बाहेर पडल्या होत्या.

सर खुर्चीत बसले. म्हणाले, "म्हणजे परीक्षेत त्या प्रश्नाला कुणी हात लावत नाही तो यामुळे होय. मला वाटायचं, माझंच शिकवणं वाईट."

वर्ग हसून हसून लोळला. ताईसुद्धा. दोन दिवस मला तीच गोष्ट सांगत होत्या, त्यात प्रत्येक वेळी "आम्ही सगळे इतके हसलो" हे वाक्य यायचं. त्यातलं 'आम्ही सगळे' त्या जरा सावकाश म्हणायच्या.

महिन्याभरानं सरांनी प्रकल्प जाहीर केला. चार-चार जणांचे गट करा, एखादा छोटा व्यवसाय निवडा, वर्गापुढे मांडा. गटांच्या याद्या शुक्रवारपर्यंत. यादीत नाव नाही तर प्रकल्प नाही, प्रकल्प नाही तर परीक्षेला बसायचं नाही. वर्गात एक्केचाळीस जण. उरेल त्याला कुठल्याही गटानं पाचवा म्हणून घ्यावं.

ताईंच्या बाकावर एक मुलगी बसायची. रोज ताईंचं पेन मागून घ्यायची. ताईंना वाटलं, ही विचारेल. तिनं काही विचारलं नाही तेव्हा यांनीच विचारलं.

"अगं काकू, आमचे चौघं आधीच ठरलेत," ती म्हणाली. "पण तुम्हाला काय, कुणीही घेईल."

पुढच्या बाकावरच्यांनी तेच सांगितलं. खिडकीकडच्यांनीही. कुणीही घेईल. इतकं गोड बोलले सगळे की रागवायलाही जागा ठेवली नाही.

गुरुवारी दुपारी मी दुकानाशी उभी होते, तेव्हा प्रत्येक गटातलं एकेक जण यादीची प्रत काढायला येत होतं. एक प्रत सरांना, चार चौघांना. ताई कागद काचेवर ठेवायच्या, झाकण दाबायच्या, पाच प्रती नीट ठोकून हातात द्यायच्या. संध्याकाळपर्यंत दहा याद्या झाल्या. चाळीस नावं त्यांच्या हाताखालून गेली.

"सरांना सांगा ना," मी म्हटलं. "घालतील कुठल्यातरी गटात."

"कुणी ढकललं म्हणून जाऊन बसायचं, ते नको. कुणीतरी आपणहून 'या' म्हणायला हवं."

"मग राहू दे ही परीक्षा. पुढच्या वर्षी द्या."

"परीक्षेचं कोण बोलतंय?" त्यांनी यंत्र बंद केलं. "ते गट कसं काम करतात बघितलंय का तुम्ही? कँटीनमध्ये बसतात, भांडतात, एकमेकांचं लिहिलेलं खोडतात. माझं लिहिलेलं आजवर कुणी खोडलं नाही हो."

माझ्या जिभेला हाड नाही असं आमची सासू म्हणायची. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "मी येऊ का तुमच्या गटात?"

"नको. तुम्ही आलात तर पहिला विषय माझं लग्न."

म्हणजे ती बातमी कुणी पसरवली हे त्यांना ठाऊक होतं. मी पिशवी उचलली आणि निघाले.

शुक्रवारी ताईंनी एका नावाची यादी दिली. सरांनी चष्मा वर करून बघितलं, दोन-तीनदा बघितलं, आणि ठेवून घेतली.

सादरीकरणाला पाहुणे चालतील असं फलकावर लिहिलेलं होतं. चालतील म्हटल्यावर मी जाणारच. शेवटच्या बाकावर बसले. नियम असा होता की गटातल्या प्रत्येकानं एकेक भाग बोलायचा. दहा गट झाले. मग ताई पुढे गेल्या.

"गट अकरावा. सदस्य एक. विषय, झेरॉक्सचं दुकान."

नियोजनावर बोलून झालं तशा त्या एक पाऊल उजवीकडे सरकल्या. "आता आमच्या गटातल्या दुसऱ्या सदस्य संघटनावर बोलतील." वर्ग खदखदला. आणखी एक पाऊल. "तिसऱ्या सदस्य." हसू कमी झालं. चौथ्या पावलाला त्या खिडकीशी पोचल्या आणि तिथं कुणी हसत नव्हतं. परीक्षेच्या आठवड्यात कागद किती लागेल हे वर्गात किती जण रोज गैरहजर राहतात यावरून कसं ओळखायचं, रांग लागलेली असताना यंत्र बंद पडलं तर आधी कुणाचं काम करायचं, आजच पेपर असलेला कोण हे चेहऱ्यावरून कसं कळतं, हे त्या सांगत होत्या. चाळीसच्या चाळीस जण कधी ना कधी त्या रांगेत उभे राहिलेले. सरांनी पेन खाली ठेवलं होतं.

शेवटी प्रत्येक गटाला विचारायचा प्रश्न होता. सरांनी जरा घुटमळत विचारला, "काम करताना गटात काय मतभेद झाले?"

"मतभेद झाले नाहीत," ताई म्हणाल्या. "तेवढीच अडचण आली."

पेन मागणारी मुलगी वहीत बघत होती. तास संपल्यावर सगळे घोळक्यानं कँटीनकडे गेले. ताईंनी फळा पुसला, पिशवी आवरली, आणि आम्ही दोघी घरी आलो.

आठवड्यानं गुणांचा कागद मिळाला. ताईंनी तो दारातच दाखवला. मांडणीला दहापैकी दहा. समूहकार्याला दहापैकी शून्य. खाली सरांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, नियमाप्रमाणे एकट्या व्यक्तीस समूहकार्याचे गुण देता येत नाहीत, क्षमस्व. परीक्षेला बसायला दहा पुरेसे होते. ताई परीक्षेला बसणार होत्या.

त्यांचा चेहरा काही फुललेला दिसेना. मग मला राहवेना. म्हटलं, "समूहकार्यात शून्य? ताई, आमच्या मजल्याचं नाक कापलंत."

ताईंनी कागदाची घडी घातली.

"ते शून्य माझं नाही. त्या चाळीस जणांचं आहे. सरांनी चुकून माझ्या कागदावर लिहिलंय."