सदर गतिरोधक निकृष्ट दर्जाचा

ती घटना आजही आठवते, कारण तिच्यातला माणूस मी शोधला नाही. त्यानेच स्वतःला घाईघाईने शोधून दिले.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन मी शहापूर तालुक्यातील एका ठाण्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले होते. पुढे मी प्रयोगशाळेतील नोकरी पत्करली आणि तिशीतच माजी पोलीस अधिकारी झाले. पण तेव्हा, जे मोजता येते ते सिद्ध करता येते, अशी माझी ठाम समजूत होती.

मुरबाड रस्त्यावरील एका गावात सहा आसनी रिक्षा गतिरोधकावरून उडाली आणि मागे बसलेली एक शिवणकाम करणारी बाई रस्त्यावर फेकली गेली. तिच्या उजव्या मांडीचे हाड मोडले. पायमशीनवर शाळेचे गणवेश शिवून ती घर चालवत असे. आता दुसरी शस्त्रक्रिया झाल्याशिवाय तो पाय मशीनवर चालणार नव्हता. तिने नुकसानभरपाईचा दावा लावला. प्रतिवादी एकच, रिक्षाचालक. त्याचा विमा कधीच संपलेला. न्यायालयात तो म्हणाला, "आदल्या दिवशी तिथं रस्ता सपाट होता." बांधकाम खात्याच्या नोंदीतही तो गतिरोधक नव्हता. कोणीतरी तो परस्पर बांधला होता. त्या 'कोणीतरी'ला दुसरा प्रतिवादी करण्यासाठी बाईच्या वकिलांनी मुदत मागितली. पुढच्या तारखेला नाव हवे होते.

अपघाताचा तपास माझ्याकडे असल्याने बाई कुबड्या घेऊन ठाण्यात आली. "मॅडम, रिक्षावाल्याकडं हाय काय? एक रिक्षा नि एक कुत्रा. त्यातला कुत्रा चावतो. मला बांधणारा माणूस द्या."

पहिली खबर आमच्या हवालदारांनी आणली. गतिरोधक तयार झाल्यावर तिथे नारळ फुटला होता आणि पेढे वाटले गेले होते. मी शेजारच्या चहाच्या टपरीवर गेले. टपरीवाल्या आजी नाकारत नव्हत्या.

"पेढा खाल्ला ना बाय. गोड व्हता."

"कोणी दिला?"

"हातानं दिला."

संशय दोघांवर होता: माजी सरपंच आणि तरुण मंडळाचे अध्यक्ष. गावातील एसटीच्या थांब्यावर दोघांच्याही नावाच्या पाट्या होत्या, हातपंपावरही होत्या. श्रेयासाठी भांडणाऱ्या त्या गावात हा गतिरोधक तेवढा अनाथ होता. मी माजी सरपंचांना बोलावले.

"मी तर त्या दिवशी मुरबाडला साखरपुड्याला होतो."

"कोणत्या दिवशी?"

"बांधला त्या दिवशी."

"कोणत्या दिवशी बांधला?"

"ते मला काय ठावं? मी मुरबाडला होतो ना!"

अध्यक्षांनी तर गतिरोधक अजून पाहिलेलाच नव्हता. तो त्यांच्या दारापासून वीस पावलांवर होता.

तेव्हा मी विज्ञानाकडे वळले. टेपने उंची मोजली, उतार काढला, खडूने रेघा मारल्या आणि किती वेगाला रिक्षाचे चाक जमीन सोडेल याचे गणित वहीत मांडले. उत्तर असे आले की सायकलच्या वेगालाही सोडेल. हवालदार टेपचे दुसरे टोक धरून शांतपणे म्हणाले, "मॅडम, उंची कळली. पण उंची कोणाची, ते टेप सांगत नाय."

त्यांचे बरोबर होते. उरला होता फक्त घटनास्थळाचा नवा पंचनामा. नियमाप्रमाणे तो पंचांना वाचून दाखवायचा असतो. अर्धे गाव जमले. त्यात आमचे दोघे संशयितही होते. मी सरळ सुरात वाचू लागले: "सदर गतिरोधक नऊ इंच उंच असून निकृष्ट दर्जाचा आहे. मालात सिमेंटचे प्रमाण अत्यल्प असल्याचे दिसते."

"अत्यल्प?" गर्दीतून आवाज आला. माजी सरपंच पुढे आले होते. "पाच गोण्या सिमेंट ओतलाय मी! नखानं खरवडून दाखवा!"

"आणि खडी कोणाची?" अध्यक्ष उसळले. "माझ्या ट्रॅक्टरनं आणली ती! नारळ मात्र यानं फोडला."

"लिहून घ्या मॅडम, पाच गोण्या," सरपंच म्हणाले. "घरी पावती हाय."

बोललेला शब्द फिरवता येतो, पावती फिरवता येत नाही. मी अत्यंत आदराने म्हणाले, "पावती आणलीत तर निकृष्ट हा शब्द खोडते." ते अक्षरशः धावत गेले. पावतीवर त्यांचे नाव होते. दोघांनी आपापली हरकत लिहून सही केली. सरपंचांनी तारीखही टाकली. मी शब्द खोडला.

पुढच्या तारखेला बाईच्या वकिलांना हवा होता एक प्रतिवादी, मिळाले दोन. काही महिन्यांनी तडजोड झाली, शस्त्रक्रिया झाली.

त्या प्रकरणाने मला शिकवले की आरोप माणूस थंडपणे नाकारतो. पण त्याच्या कामाच्या दर्जाला नावे ठेवली तर स्वतःचा बचावही विसरतो. हा मी गावकऱ्यांविषयीचा निष्कर्ष मानत होते. मग एके दिवशी ती बाई कुबड्यांशिवाय ठाण्यात आली. मशीन पुन्हा सुरू झाल्याचे तिने सांगितले आणि माझ्या वर्दीच्या खांद्याकडे निरखून पाहत विचारले, "मॅडम, ही शिवण कोणी घातली? तो तुमचा शब्द काय... निकृष्ट हाय."

ती मीच घातली होती, आणि दुहेरी दोऱ्याने घातली होती, हे मी तिला ताबडतोब सांगितले.