लंगरातले मेजर

भानुदासअण्णा गेल्याचं मला मोबाईलवर कळलं. मी सातवीच्या वर्गावर होतो. गावाच्या ग्रुपवर 'मेजर गेले' एवढाच संदेश आला आणि त्यापाठोपाठ जोडलेले हात, तिरंगे, 'जय जवान' यांची रांग लागली. कोणीतरी फोटोही टाकला, कोटावर तीन मेडलं लावलेला. तो फोटो मीच काढला होता. त्या दिवसानंतर अण्णांनी ती मेडलं पुन्हा लावली नाहीत, आणि त्याला कारण मी आहे. पाच आठवडे झाले, हे अजून घरातही बोललेलो नाही.

अण्णा माझे थोरले चुलतभाऊ. आमच्या पारनेरकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो, मग तो कोणत्या का हुद्द्यावरून घरी येईना. अण्णा बावीस वर्षं लंगरात, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात होते. कुक म्हणून भरती झाले, नायक या हुद्द्यावरून परतले. सुरुवातीला कोणी मेजर म्हटलं की सांगायचे, "मी कुक हाय बाबा." समोरचा हसायचा आणि पुढच्या भेटीत पुन्हा मेजरच म्हणायचा. मग त्यांनी सांगणं सोडून दिलं. मेडलांचं विचारलं तर म्हणायचे, "हजेरीची हायेत. एक नऊ वरसं टिकलो म्हनून, एक वीस वरसं टिकलो म्हनून, आन् एक बर्फात राहिलो म्हनून." बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, सुईदोरा आणि जुन्या चष्म्यांबरोबर ती पडलेली असायची. पण कधीही डबा उघडा, त्यांच्यावर धूळ नसायची.

आठ वर्षांपूर्वी सव्वीस जानेवारीला शाळेने त्यांचा सत्कार ठरवला. सूत्रसंचालन माझ्याकडे. अण्णांना तयार करायला दोन दिवस गेले. शेवटी म्हणाले, "लंगरात हुतो एवढंच सांग. जादा काय नको." मी हो म्हटलं. आणि रात्री कागद घेऊन बसलो तेव्हा मला ते फार थोडं वाटू लागलं. पाहुणे येणार, पालक येणार, टाळ्या पडायला हव्यात... खरं सांगायचं तर टाळ्या मला हव्या होत्या. दुसऱ्या दिवशी माईकवर मी म्हणालो, "सीमेवर शत्रूला पाणी पाजणारे आपले मेजर!"

कोटावर तिन्ही मेडलं लावलेले अण्णा उठले. माझ्या हातातला माईक त्यांनी हळूच घेतला. "माफ करा, जरा चुकलंय. मी पानी पाजलं ते आपल्याच पोरांना. कुक हुतो मी. गोळी कुनावर झाडली न्हाई." मग मागून कोणीतरी विचारलं, "मेजर, मंग आज भाजी काय केलीया?" सगळे हसले. अण्णाही हसले. तिथे मी दोन शब्द बोलायला हवे होते. त्यांनी सांगितलं तेच खरं आहे, एवढंच. त्याऐवजी मी माईक परत घेतला आणि म्हणालो, "बघा, खऱ्या वीराची नम्रता!" टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यातच पाहुण्यांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली.

घरी सोडायला गेलो तेव्हा गाडीवरून उतरून त्यांनी शालीची नीट घडी केली आणि ती माझ्या हातात दिली. "मास्तर, खोटं बोललास त्याचं काय न्हाई. पर मी खरं बोललो, तेबी तू खोटं पाडलंस."

त्यानंतर निम्मं गाव त्यांना चेष्टेने 'भटारी मेजर', म्हणजे आचारी मेजर, म्हणू लागलं आणि निम्मं गाव वाकून नमस्कार करू लागलं. अण्णांना दोन्ही नको होतं. झेंड्याला यायचे ते बंद झाले, नगरला माजी सैनिकांच्या मेळाव्याला जायचे तेही थांबलं. वहिनी आधीच गेलेल्या, लेक मंगल चाकणला. संध्याकाळी ओट्यावर बसायचे. कोणी लांबून सॅल्यूट ठोकला की उठून आत जायचे. मला हे ठाऊक होतं, कारण मी त्या गल्लीतून जाणं टाळायचो आणि तरीही रोज कोपऱ्यावरून ओट्याकडे बघायचो.

गेल्या दिवाळीनंतर धीर करून गेलो. माफी मागायची असं ठरवूनच. अण्णांनी काही न विचारता कुकर लावला. वरण-भात वाढला आणि कित्येक वर्षांत बोलले नव्हते इतकं बोलले. उंचावर पाणी उकळतं पण डाळ शिजत नाही, ते सांगितलं. "पोरं ड्यूटीवरनं आली की आधी गरम ताटाला हात लावून बसायची. बोटं सुटली की मंग खायची. थँक्यू-बिंक्यू कुनी म्हनत न्हवतं. वाढा अजून, म्हनायची." आणि थोडं थांबून म्हणाले, "ते लई बरं वाटायचं."

शब्द माझ्या ओठांवर आले होते... मी ताट उचललं, धुतलं, आणि म्हणालो, "येतो अण्णा."

"बस की. घाई काय हाय?"

घाई काहीच नव्हती. मी निघालो.

आता शाळेने त्यांचा फोटो लावायचं ठरवलं. खालचा मजकूर पुन्हा माझ्याकडेच आला. मी लिहिलं: 'नायक भानुदास, कुक. बावीस वर्षं जवानांना जेवू घातलं.' एक सहकारी म्हणाले, कुक शब्द काढा सर, शोभत नाही. मी काढला नाही. मंगलला फोनवर वाचून दाखवलं. तिने पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "काका, हे ते असताना लिहायला हवं होतं."

मागच्या आठवड्यात फोटो लागला. मधल्या सुट्टीत पोरं खिचडी खाऊन मैदानात पळाली होती. आमच्याकडे पोषण आहार शिजवणाऱ्या ताराबाई पदराला हात पुसत फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि एकेक अक्षर लावत खालचा मजकूर वाचू लागल्या. वाचून झाल्यावर त्या पुढे सरकल्या आणि अण्णांचा चेहरा जवळून बघितला.

"सर, मेजर सैंपाकी हुते व्हय?"

"हो."

"किती मानसांचा करायचे वो?"

मला सांगता आलं नाही. मी कधी विचारलंच नव्हतं.