पडद्याच्या मागचा प्रेक्षक

पडद्याची शेवटची गाठ आवळली की आमचा मंडपवाला खुर्ची उचलून पडद्याच्या मागे जाऊन बसायचा. तिकडून चित्र उलटं दिसतं. पुढाऱ्याचा उजवा हात डावा होतो. तो ओरडायचा, "इकडून पाहा बे, इकडून! खरं दिसते!"

अमडापुरात कोणत्याही पक्षाची प्रचाराची फिल्म येवो, पडदा त्याचाच. असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. निवेदक म्हणाला, 'गावोगावी रस्ते पोहोचले', की मागून आवाज यायचा, "आपल्या गावाले वळसा घालून गेले काय?" आम्ही फिल्म बघायला कमी आणि त्याला ऐकायलाच जास्त जमायचो.

त्या संध्याकाळी सत्तेतल्या पक्षाची फिल्म होती, पाण्यावरची. सुरुवातीलाच त्याने आम्हाला पोट धरून हसवलं. मग पडद्यावर नळ आला, धो धो वाहणारा, आणि त्याखाली हंडा धरून चक्क त्याची बायको. "आता पाण्याची काही चिंता नाही राह्यली," ती म्हणाली.

आमच्या गल्लीतले नळ कोरडे, हे साऱ्या गावाला ठाऊक. शूटिंगवाल्यांनी मागे टँकर जोडला होता. मंडपवाला तेव्हा मेहकरला लग्नाचा मंडप घालत होता, आणि तिने त्याला सांगितलं नव्हतं. नवऱ्याच्याच पडद्यावर अचानक दिसायचं, एवढीच तिची हौस. फिल्ममधलीच हिरवी साडी नेसून, बहिणीला घेऊन ती पुढे बसली होती.

कुणीतरी ओरडलं, "भाऊ, तिकडून कसं दिसते हो?"

सगळं मैदान हसलं. तिने पदर तोंडावर ओढला. हसणाऱ्यांत मीही; मग मात्र लाजेने मान वर करवेना.

पडद्यामागे खुर्ची सरकली. तोच उठून पुढे आला आणि बायकांच्या घोळक्यात तिच्याशेजारी खाली बसला.

"घरी चाला," ती पुटपुटली.

"बस. मीच शिकवलं त्यायले हासणं."

महिन्याभराने विरोधकांची फिल्म आली. त्यात तोच नळ, तोच हंडा. तिचा चेहरा मोठा करून थांबवलेला, खाली लाल अक्षरांत 'खोटं'. या वेळी तो मागे बसला नव्हता, खांबापाशी उभा होता. त्याने गाठ सोडली. पडदा खाली आला, पण चित्र मागच्या समाजमंदिराच्या भिंतीवर पडलं.

ते झाकायला तो धावत गेला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. तिचा चेहरा आता त्याच्या सदऱ्यावर होता, आणि तो आमच्याकडे बघत होता.